तांब्याच्या पत्र्यावरचं कोलोसियम

रोमचं कोलोसियम इसवी सन 80 मध्ये खुलं झालं. सोळाव्या शतकात मात्र त्याच्या कमानींवर झुडपं माजली होती आणि त्याचे दगड नव्या इमारतींना वापरले जात होते. त्याच काळात चित्रकारांनी ते कागदावर उतरवलं.

अँटवर्पच्या हिएरोनिमस कॉक यांनी 1551 मध्ये रोमच्या भग्नावशेषांची चित्रमाला छापली. तिच्यात कोलोसियमची अनेक दृश्यं आहेत. अशी चित्रं छापायची रीत अशी: तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं रेघा ओढायच्या आणि पत्र्यावर आम्लाची क्रिया होऊ द्यायची. उघड्या पडलेल्या रेघा आम्लानं खोल होतात. त्यांत शाई भरून, वर ओलसर कागद ठेवून पत्रा यंत्रात दाबला, की चित्र उमटतं. एका पत्र्यावरून अशा कितीतरी प्रती निघत.

रोममध्ये आंत्वान लाफ्रेरी अशी चित्रं छापून विकत. काहींत पडझड दिसते, तर काहींत कल्पनेनं पूर्ण केलेली मूळ वास्तू. म्हणून ही चित्रं पाहताना आधी ताडून घ्यावं, चित्रकारानं समोरचं रेखाटलंय की हरवलेलं जोडलंय. दोन्ही प्रकार इतिहासाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात.