वाचनालय कोणाला विचारून चालवावे?



आम्ही बँकेतील कारकून, ग्रंथपाल नव्हे. परंतु कला शाखेची पदवी आम्ही वाचनालयाच्या आधारानेच मिळविली. घरी एक खोली आणि सहा माणसे. सकाळी कॉलेज, दुपारी दुकानात काम. सहा वाजता मोकळे होऊन धावत जावे, तर वाचनालयाला पाच वाजताच कुलूप! तीन वर्षांत 'तुम्हांला वाचनालय केव्हा हवे?' असे आम्हांला कोणी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही.

अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००४ ते २००६ या काळात असेच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारले. नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ते काम पाहिले. नुसते छापील प्रश्न न देता त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरे दिले व अभ्यासाच्या जागेचे फोटो काढावयास सांगितले. दिवसभर कोठे कोठे गेलो हे नकाशावर नोंदविण्यास लावले. नव्या वाचनकक्षाची चित्रेही त्यांच्याकडूनच काढून घेतली. विद्यार्थी रात्री उशिरा अभ्यास करतात असे दिसल्यावर ग्रंथपालांनी रात्रीही मदतीस बसून पाहिले. २००७ साली उघडलेल्या तेथील ग्लीसन ग्रंथालयाच्या रचनेत विद्यार्थ्यांच्या सूचनांचा उपयोग झाला.

दुसरी रीत 'लिबक्वाल' नावाची. ती २००० साली अमेरिकेतच सुरू झाली. तिच्यात मुख्य प्रश्न २२. सेवा, पुस्तके-माहिती आणि जागा असे त्यांचे तीन भाग. प्रत्येक प्रश्नाला तीन आकडे द्यावयाचे: कमीत कमी किती चालेल, किती असावे आणि प्रत्यक्षात किती मिळते. मिळते ते किमानापेक्षाही कमी भरले, तर आधी तेथे लक्ष द्यावयाचे. आम्हां बँकवाल्यांना हा हिशोब चटकन कळतो. ज्या खात्यात शिल्लक उणे, ते खाते आधी पाहावे!

मात्र एक धोका आहे. वाचनालयात बसलेल्यांनाच फॉर्म वाटले, तर 'वेळ सोयीची आहे' असेच उत्तर येईल. जो कुलूप पाहून परत गेला, त्याचे मत कोण नोंदविणार? त्याला वर्गात, वसतिगृहात, बसथांब्यावर गाठून विचारले पाहिजे. शिवाय उत्तरांचे काय केले, हे फलकावर लावले पाहिजे. जे जमणार नाही, तेही कारणासह लिहावे. नाहीतर पुढच्या वेळी फॉर्म कोण भरील?

या सभागृहात प्राध्यापक आहेत, कॉलेजच्या समित्यांवर काम करणारे आहेत. त्यांना आमची नम्र विनंती की, नव्या खुर्च्या घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांना विचारा. आणि मुलामुलींनो, कोणी विचारले नाही तरी अर्ज लिहा. आम्ही गप्प राहिलो, त्याची किंमत तीन वर्षे रस्त्यावरच्या दिव्याखाली मोजली. ती तुम्ही मोजू नये.