घरातली जुनी सायकल कामाला लावू या

आज आम्ही आमच्या बचत गटातर्फे तुमच्याशी सायकलबद्दल बोलणार आहोत. चालवायला कशी शिकायची ते आज सांगत नाही, ते शिकवायला घरातल्या मुली आहेत. आज बोलायचं आहे ते सायकल कामासाठी कशी सजवायची याबद्दल. दुधाची किटली, भाजीची पिशवी, पापडाचे डबे किंवा शिवलेले कपडे घेऊन दहा-बारा किलोमीटर जाऊन परत यायचं, तर नुसती दोन चाकं पुरत नाहीत.

हा विषय आमच्या मासिक बैठकीत निघाला. बाजाराच्या दिवशी वडापने जायचं तर आपलं भाडं वेगळं आणि पाटीचं वेगळं. शिवाय गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. तोवर ऊन चढतं, मेथी-कोथिंबीर मान टाकते आणि पहिलं गिऱ्हाईक निघून जातं. एसटीची वेळ बाजाराच्या वेळेशी जुळत नाही. मग आम्ही विचारलं, कुणाकुणाच्या घरी सायकल आहे? निम्म्याहून जास्त हात वर आले. मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना सायकली मिळतात. मुलगी बारावी होते, लग्न होऊन जाते आणि सायकल गोठ्यात कडब्यामागे उभी राहते. कुणाच्या घरी सासऱ्यांची जुनी काळी सायकल आहे. म्हणून नवीन सायकलीसाठी कर्ज काढण्याआधी घरातली बाहेर काढा, असं आमचं सांगणं आहे.

या सायकली बहुतेक पोलादी नळ्यांच्या असतात. त्या जड असतात, पण आपल्या कामाला बऱ्या. पोलादाचा सांधा सुटला तर गावातला वेल्डिंगवाला जोडून देतो, सुटे भाग तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. गंजाला मात्र जपावं लागतं.

सायकल बाहेर काढली की आधी फडक्याने स्वच्छ पुसा आणि तपासा. हँडलच्या खाली जिथे नळ्या एकत्र येतात तिथे रंगाला तडा किंवा सुरकुती दिसते का ते बघा. दिसली तर त्या सायकलीवर ओझं ठेवू नका, आधी मिस्त्रीला दाखवा. पुढचा चिमटा बाजूने बघा, मागे वाकलेला नको. चाक उचलून फिरवा, डगडगत असेल तर तारा ओढून घ्यायला लागतील. पायडलचा दांडा हातात धरून आडवा हलवा, खडखड वाजला तर आतले छर्रे बदलायला आलेत. हे आधी करून घ्यायचं. कॅरिअर आणि टोपलीवर पैसे घालायचे ते नंतर.

आता सीट. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर आला की गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर दोन किलोमीटरमध्ये गुडघे भरून येतात. नवशिक्या ताईंनी मात्र सुरुवातीला दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढीच सीट ठेवावी, हात बसला की थोडी थोडी वर घ्यावी. सीटच्या दांड्याला ग्रीस लावून ठेवा, नाहीतर तो गंजून नळीत अडकतो आणि मग हलत नाही.

पुढचं काम कॅरिअरचं. कॅरिअर घेताना त्याच्या खालच्या सळया मागच्या चाकाच्या आसापर्यंत पोचतात ना, ते बघा. नुसतं सीटखाली अडकवलेलं कॅरिअर ओझ्याने खाली बसतं. नटाखाली स्प्रिंग वॉशर घाला आणि आठ दिवसांनी नट पुन्हा आवळा, कारण कच्च्या रस्त्यावर ते ढिले होतात. कॅरिअरवर वजनाचा आकडा लिहिलेला असेल तर त्याच्यापुढे जाऊ नका.

ओझं वर रचण्यापेक्षा दोन्ही बाजूंना खाली लोंबतं ठेवलं तर सायकल तोल सांभाळते. त्यासाठी आम्ही जाड ताडपत्रीच्या जोडपिशव्या शिवल्या, बैलाच्या पाठीवरच्या गोणीसारख्या. मधला पट्टा कॅरिअरवर आणि दोन पिशव्या दोन बाजूंना. तळाला पातळ फळी घातली की पिशवी आत चाकात जात नाही. पिशवी थोडी मागे सरकवून बांधा, म्हणजे पायडल मारताना टाच लागत नाही. खालची टोकं सळईला बांधून टाका. दोन्ही पिशव्यांत वजन सारखं भरा आणि जड वस्तू तळाला ठेवा. वरून बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी दोरीपेक्षा बरी, ती ताण धरून राहते. पट्टीचं टोक लोंबतं सोडू नका.

पुढच्या टोपलीत फक्त हलक्या वस्तू ठेवा. डबा, छत्री, पैशाची पिशवी. टोपलीत पाच-सहा किलो भरले की हँडल आपोआप वळायला लागतं.

ओझ्याच्या सायकलीला एका पायाचा स्टँड नको. मऊ मातीत तो रुततो आणि भाजीसकट सायकल आडवी होते. मागचं चाक उचलून धरणारा दोन पायांचा स्टँड बसवा. भरताना आणि उतरवताना तोच कामाला येतो.

साडीचं काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. चेनवर पूर्ण झाकण असलं पाहिजे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी बसवा. तयार जाळी मिळाली नाही तर मडगार्डपासून आसापर्यंत नायलॉनची दोरी ताणून विणता येते. पदर कमरेला खोचा, ओढणी मागे गाठ मारून बांधा. दोन्ही मडगार्ड हवेतच. पावसाळ्यात त्यांच्याशिवाय मागचा चिखल थेट भाजीवर येतो.

ब्रेकचे रबर घासून पातळ झाले असतील तर दोन्ही चाकांचे बदला, ते स्वस्त असतात. दोन्ही ब्रेक एकदम आणि हळूहळू दाबा. ओझं असताना सायकल उशिरा थांबते. रिम ओली असेल तर आणखी उशिरा. म्हणून उतार लागायच्या आधीच वेग कमी करा.

पहाटे दूध घालायला आणि संध्याकाळी परत येताना दिवा पाहिजेच. टायरला घासून चालणारा डायनॅमो चांगला आहे, त्याला सेल लागत नाही. पण सायकल थांबली की तो विझतो. म्हणून चार्जिंगची एक छोटी बॅटरी हँडलला बांधा. मागे लाल रिफ्लेक्टर लावा आणि तो पिशवीने झाकला जात नाही ना, हे बघा. आमच्या काही जणींनी पिशव्यांच्या मागच्या बाजूलाच चमकणारी पट्टी शिवली आहे.

पिशवीच्या कप्प्यात एवढं सामान ठेवा: छोटा पंप, पंक्चरचे पॅच आणि सोल्युशन, पॉलिश पेपर, टायर काढायच्या दोन पट्ट्या, चाकाच्या नटाला बसणारा पाना आणि व्हॉल्व्हची रबरी नळी. ही नळी सुकून चिरली की हवा जाते आणि आपल्याला वाटतं पंक्चर झालं. आधी तीच बदलून बघा. मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा जास्त हवा भरा. चेनला पंधरा दिवसांनी तेलाचे थेंब सोडा आणि वरचं तेल पुसून काढा, नाहीतर त्यावर धूळ चिकटते. रंग उडाला असेल तिथे पॉलिश पेपर मारून रंगाचा हात द्या.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा. पहिल्यांदा ब्रेक, टायर-ट्यूब आणि चेनचं झाकण. मग मागचा रिफ्लेक्टर आणि दिवा. त्यानंतर कॅरिअर आणि स्टँड. टोपली शेवटी. आमच्या गटात या कामासाठी अंतर्गत कर्ज देतो आणि बाजाराच्या आठवड्यांप्रमाणे हप्ता घेतो.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सामानापेक्षा अवघड आहे. सायकल नीट झाली, चकाचक झाली, की घरात तिला मागणी येते. दीर घेऊन जातो, मुलगा मित्राकडे जातो, आणि बाजाराच्या सकाळी ताई पुन्हा वडापची वाट बघत उभी. हे आमच्याकडे घडलं आहे. म्हणून आम्ही ठरवलं की कर्जाची नोंद आणि दुरुस्तीची पावती बाईच्याच नावावर असेल. सायकलला कुलूप असेल आणि किल्ली तिच्याच मंगळसूत्राजवळ किंवा कमरेच्या पिशवीत राहील. दुसऱ्याने न्यायची तर विचारून न्यायची. यावरून एक-दोन घरांत कुरकुर झाली. गटातल्या चौघी जणी जाऊन बसल्या, हप्ता कोण भरतंय ते वहीत दाखवलं आणि बोलणं मिटलं.

तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ साली सुरू झालेल्या साक्षरता मोहिमेत बायकांना अक्षरांसोबत सायकलही शिकवली होती. शीला राणी चुंकत या तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. हजारो बायका शिकल्या. तिथेही आधी लोक हसले, मग बायका पाण्याच्या घागरी आणि भाजी सायकलवरून नेऊ लागल्या. सायकलीला लायसन्स लागत नाही, पेट्रोल लागत नाही, आणि निघायची वेळ आपली आपण ठरवायची.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. गोठ्यातली सायकल बाहेर काढा, पुसा, आत्ता सांगितलं तशी तपासा, आणि काय काय लागेल याची यादी घेऊन आपल्या गटाच्या बैठकीला या. पहिल्या दिवशी रिकाम्या सायकलने बाजारापर्यंत जाऊन या. दुसऱ्या वेळी थोडं ओझं घ्या. हात बसला की मग पूर्ण भरा.