नॉटिलसचे खलाशी



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत सिनेमावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण थोडे वाचनालयात झाले आणि पुष्कळसे कारखान्याच्या फाटकावर. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, म्हणून कॅप्टन नेमो आमच्यासारख्यांच्या ओळखीचा झाला.

हा नेमो आपल्याच देशचा. १८६९-७० साली आलेल्या पहिल्या कादंबरीत व्हर्नने त्याचे कुळ सांगितले नाही. ‘नेमो’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘कोणी नाही’. पुढे १८७४-७५ च्या ‘गूढ बेट’ या कादंबरीत उलगडा होतो, की हा बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा डक्कर. सत्तावनच्या युद्धात तो लढला, घरदार गमावले, आणि वीसेक विश्वासू सोबत्यांना घेऊन नॉटिलस या पाणबुडीतून समुद्राखाली निघून गेला.

१९५४ साली वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने पहिल्या कादंबरीवर चित्रपट काढला. जेम्स मेसन नेमो झाला. चित्रपटाने बुंदेलखंड गाळले. पण पुस्तकात नसलेली एक गोष्ट घातली. नेमो पूर्वी एका बेटावर कैदी होता आणि तेथे कैद्यांकडून दारूगोळ्याचा कच्चा माल जहाजांवर चढवून घेत. ओझ्याने वाकलेली ती रांग पाहून आम्हांला आपल्या खाडीकाठच्या मिठागरांतील टोपल्या वाहणारी माणसे आठवली. देश गेला, पण राबणारा माणूस पडद्यावर आला, असे आम्हांला वाटले.

आमचे ते समाधान टिकले नाही. पुस्तकात राक्षसी माकूल एका खलाशाला उचलतो. जहाजावर हे लोक आपसांत एक वेगळीच भाषा बोलत. पण मरणाच्या दारात तो आपल्या मायबोलीत, फ्रेंचमध्ये, मदतीची हाक मारतो. त्याच्यासाठी नेमो रडतो. मात्र त्याचे नाव व्हर्न सांगत नाही. चित्रपटात तर माकुलाच्या विळख्यात स्वतः नेमोच सापडतो आणि नेड लँड त्याला सोडवतो. खलाशाच्या वाट्याची हाकसुद्धा कप्तानाकडे गेली!

शेवटी जखमी नेमो नॉटिलसला कायमचे खाली नेण्याचे ठरवतो. त्याचा साहाय्यक सर्वांच्या वतीने सांगतो, की आम्ही तुमच्याबरोबर आहोत. इतर कोणाला विचारल्याचे आम्हांला काही दिसले नाही.

मंडळी, येथे आम्हांला हसता येत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी रोह्याकडील एका कारखान्यात आम्ही संप चालवला होता. तडजोडीचा निरोप आला, तेव्हा ‘सगळे कामगार ठाम आहेत’ असे आम्ही परस्पर सांगून टाकले. संप फसला, काहींची नोकरी कायमची गेली. त्यांतील एक जण पुढे पेणच्या एस्टी स्टँडवर भेटला. चहा घेता घेता म्हणाला, “भाऊ, तेव्हा आम्हाला विचारलं होतंत का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून सभेत हात मोजल्यावाचून आम्ही शब्द देत नाही. पण गेलेल्या नोकऱ्या त्याने परत आल्या नाहीत.

नेमो पुढे पडद्यावर पुन्हा हिंदी झाला. २००३ साली नसीरुद्दीन शाह यांनी एका इंग्रजी चित्रपटात तो उभा केला. २०२४ साली ‘नॉटिलस’ या मालिकेत शझाद लतीफ नेमो झाले. त्यात तो ईस्ट इंडिया कंपनीचा कैदी आहे, आणि त्याच्याबरोबर पळालेल्या सोबत्यांना नावे आहेत, मते आहेत. ते कप्तानाशी भांडतातसुद्धा. राजपुत्र परत मिळाल्यापेक्षा आम्हांला याचा आनंद अधिक वाटला.

रत्नागिरीकडच्या कितीतरी खलाशांनी विलायती आगबोटींच्या डेकवर आयुष्ये घालवली. त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? फार लांब कशाला, पेणचा गणपती समुद्रापार जातो. त्याच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताचे नाव त्याच्याबरोबर जात नाही.

तेव्हा समुद्रावरचा सिनेमा पाहाल तेव्हा कप्तान अवश्य पाहा. पण त्याच्या मागे उभ्या असलेल्यांची नावे सांगितली आहेत काय, आणि बुडण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले काय, एवढे विचारायला विसरू नका.