गाडीचा ब्रेक का कुरकुरतो?

मागच्या वेळी आपण टायरमधल्या हवेबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: पुढच्या चाकातून आवाज येतो, तो ब्रेकचा असेल का? अंधेरी पूर्वेच्या एका ताईंनी तर सगळं नीट लिहून पाठवलं आहे. त्यांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून बारीक शिट्टी वाजते, घरी पोचल्यावर तिथून जळका वास येतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढते. गॅरेजवाल्याने वर्षभरात दोनदा डिस्क पॅड बदलले. आवाज काही दिवस थांबतो, पुन्हा सुरू होतो. आता तो म्हणतो, डिस्कच बदला. "खरंच बदलायची का?" असं ताई विचारतात. आज हाच प्रश्न धरून बोलूया.

आधी ब्रेक लागतो कसा, ते पाहू. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो, आणि चिमट्यासारखा दोन्ही पॅडना धरून बसलेला भाग म्हणजे कॅलिपर. आपण पाय दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे येतो आणि आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच दाबाने कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कला टेकवतो.

पाय काढल्यावर पिस्टन मागे खेचायला इथे स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची रबरी सील दाबाने किंचित वाकलेली असते. ती पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते, बस्स. हा सगळा खेळ त्या केसभर अंतराचा आहे. सील कडक झाली, पिस्टनला गंज धरला किंवा पिना अडकल्या, की पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. मेकॅनिक म्हणतात, ब्रेक पकडून राहिलाय.

आपल्या उपनगरांत असं व्हायला कारणं भरपूर. चार महिने पाऊस. अंधेरी सबवे, मिलन सबवे कधी भरतील याचा नेम नाही. पिनांवर छोटी रबरी टोपणं असतात. एखादं फाटलं की पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि पिन गंजते. त्यात आपण आठवडाभर लोकलने जाणार आणि गाडी सोसायटीत ओल्या चाकांनी उभी राहणार. गाडी काढली की जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर किंवा एलबीएस मार्गावर दर मिनिटाला ब्रेक.

या कुरकुरीला इतिहासही मोठा आहे. १८८८ साली बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेल्या. वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावण्याची सुरुवात म्हणून ही गोष्ट सांगतात. पुढे १९०२ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात धातूवर धातू घासायचा, आणि तो असा किंचाळायचा की लोक हैराण व्हायचे. म्हणजे बाईने ब्रेककडे लक्ष देणं नवं नाही, आणि ब्रेकने ओरडणंही नवं नाही.

आता कान लावूया. सकाळी गाडी काढताना खरखर झाली आणि दोन-चार ब्रेकनंतर थांबली, तर तो डिस्कवर रात्रीत चढलेला गंज, चिंता नको. चालता चालता बारीक शिट्टी वाजते आणि ब्रेक दाबल्यावर बदलते किंवा थांबते, तर पॅड संपत आल्याची ती खूण असू शकते. बऱ्याच पॅडना एक लोखंडी पत्ती असते. अस्तर दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला लागून वाजते. पॅड चांगले असूनही हलक्या ब्रेकला किंचाळी येत असेल, तर पॅडचा पृष्ठभाग गुळगुळीत झाला असेल किंवा मागची पातळ पत्री, क्लिप बसवायची राहिली असेल. स्पीडब्रेकरवर खडखड होते आणि ब्रेक दाबल्यावर थांबते, तर पॅड सैल आहेत. वेगात ब्रेक दाबताना स्टिअरिंग किंवा पायाखालचं पेडल थरथरत असेल, तर डिस्क सगळीकडे सारखी जाड राहिलेली नसावी. ब्रेकशी संबंध नसलेली घूं-घूं वळणावर कमी-जास्त होत असेल, तर आधी चाकाचं बेअरिंग तपासून घ्या.

आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर आली, तर अस्तर संपलं. मग "शनिवारी बघू" नाही. गाडी तिथेच थांबवा आणि उचलून न्यायला सांगा.

ब्रेक पकडून राहिलाय का, हे घरच्या घरी बरंचसं कळतं. सकाळी रस्ता मोकळा असताना दहा मिनिटं गाडी चालवा, ब्रेक कमीत कमी वापरा आणि हळूच थांबा. मग दोन्ही पुढच्या चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. हात लावायचा नाही, भाजेल. एकच चाक जास्त तापलं असेल, तर दोष त्या चाकाच्या कॅलिपरमध्ये किंवा तिथल्या ब्रेकच्या रबरी पाइपमध्ये शोधायचा. दोन्ही सारखीच खूप तापली असतील, तर पेडलला मोकळीक आहे का आणि मास्टर सिलिंडर ठीक आहे का, ते पाहायचं. मागची तापली असतील, तर हँडब्रेक पूर्ण सुटतो का ते बघा.

गॅरेजमध्ये चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून दाखवायला सांगा. अगदी हलका घासल्याचा आवाज चालतो. जोर लावावा लागला तर नाही. मग पेडल एकदा दाबून सोडून पुन्हा फिरवायचं. घट्ट झालं, तर मेकॅनिक कॅलिपरचं निपल जरासं सैल करेल. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकून राहत होता: रबरी पाइप आतून फुगला असेल किंवा दोष वर मास्टर सिलिंडरकडे असेल. तरीही चाक घट्टच राहिलं, तर पिस्टन किंवा पिना. या तपासणीनंतर ब्रेकमधली हवा काढून घ्यायला विसरू नका.

काढलेले पॅड हातात घेऊन बघा. आतला पातळ आणि बाहेरचा जाड, असा फरक असेल, तर कॅलिपर नीट सरकत नाही किंवा पिस्टन मागे येत नाही. अशा वेळी नुसते पॅड बदलणं म्हणजे गळक्या नळाखाली नवी बादली ठेवणं. अंधेरीच्या ताईंना मी हेच विचारलं. त्यांनी जुने पॅड मागून घेतले. आतला कागदासारखा झिजलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक. दुसरीकडे गाडी उघडल्यावर एक पिन गंजून घट्ट बसलेली निघाली. पिना आणि रबरी टोपणं बदलली, दोन्ही चाकांना नवे पॅड घातले. डिस्क मोजली, ती चांगली होती. ती बदलावी लागली नाही.

डिस्कचंही सांगते. कमीत कमी किती जाडी हवी, ते बहुधा डिस्कवरच कोरलेलं असतं. "मोजून दाखवा" म्हणायचं. जाडी कमी असेल, तडा असेल किंवा खोल चरे असतील, तर जरूर बदला, आणि दोन्ही बाजूंची एकदम. पिनांना रबराला चालणारं, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायला सांगा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

एवढा आग्रह पैशापुरता नाही. पकडून राहिलेला ब्रेक तापतो, ती उष्णता ऑइलला पोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं झालं की कमी तापमानाला उकळतं. मग त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. हे खंडाळ्याच्या उतारावर, मागे मुलं बसलेली असताना झालं तर? म्हणून ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदला. बऱ्याच गाड्यांना ती दोन वर्षं असते. घाट उतरताना खालच्या गिअरमध्येच उतरा.

गॅरेजला जाताना एका कागदावर चारच गोष्टी लिहून न्या: आवाज कुठल्या चाकातून येतो, केव्हा येतो, ब्रेक दाबल्यावर बदलतो का, आणि कुठलं चाक तापतं. हा कागद समोर ठेवला की "मॅडम, तुम्हाला नाही कळणार" हे वाक्य सहसा कोणी उच्चारत नाही. पुढच्या वेळी बॅटरीबद्दल बोलू. नमस्कार.