थोडक्या पैशांत पहिला हेडफोन

बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव तालुक्यांत पिंपळगांव राजा हें गांव आहे. अशा गांवांतील एखाद्या बेताच्या घरांत रात्रीं नऊच्या सुमारास एक प्रश्न उभा राहतो. तो मोठा नसला तरी खरा असतो. घर दोन खोल्यांचें. एका कोपऱ्यांत मुलगी परीक्षेचा अभ्यास करीत असते. आजोबांचा नुकताच डोळा लागलेला असतो. आणि दिवसभर शेतांत वा दुकानांत राबून आलेल्या तरुणास अर्धा तास गाणें ऐकावेंसें वाटतें. मोठ्यानें लावावें तर घर जागें होतें, न लावावें तर मन जागें राहतें. हेडफोन हें या पेचाचें उत्तर होय. मात्र तो घेतांना पदरचे पैसे कोणत्या जागीं घालावे हें ठाऊक नसलें, तर पैसाही जातो आणि गाणेंही हातीं लागत नाहीं.

ही वस्तु आजची नव्हे. अमेरिकेंतील यूटा येथील नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थानें आपल्या स्वयंपाकघरांत हातानें बनविलेली जोडी १९१० सालीं तेथील आरमाराकडे पाठविली, आणि तेथून हेडफोनचा प्रसार वाढला. आपल्याकडे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या काळीं ऐकण्याचें सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्फटिक-संच. तारेचें एक वेटोळें, गॅलिना खनिजाचा खडा, त्यावर टेकलेली बारीक तार आणि कानाला हेडफोन, एवढाच त्याचा संसार. त्यास बॅटरी लागत नसे. केंद्राकडून हवेंतून जी शक्ति येई तीच हेडफोनांतील पडदा हालवी. पण ही शक्ति इतकी अल्प असे कीं, दीड किलोवॅटच्या त्या केंद्राचा आवाज अशा संचावर सुमारें तीस मैलांपलीकडे भरंवशानें ऐकूं येत नसे. पिंपळगांव राजा मुंबईपासून सरळ रेषेंतही चारशे किलोमीटरांहून दूर. म्हणून मुंबईच्या चाळींतील कारकुनास जें थोडक्यांत साधे, तें वऱ्हाडांतील शेतकऱ्यास साधत नसे. नागपूरचें केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. तेंही येथून अडीचशे किलोमीटरांहून दूरच.

अंतराचा तो अडसर आतां उरला नाहीं. खिशांतील मोबाईल हेंच केंद्र आणि हाच संच. आजचा अडसर निराळा आहे, आणि तो म्हणजे निवडीचा. समजा, एखाद्या तरुणानें सहा महिने थोडे थोडे वांचवून तीन हजार रुपये जमविले. दुकानांत गेल्यावर त्याला ध्वनिवर्धक, सोनेरी तारा आणि नाना प्रकारच्या पेट्या दाखविल्या जातात. त्यानें प्रथम हें लक्षांत ठेवावें कीं, विजेच्या लहरींचें हवेच्या लहरींत रूपांतर करण्याचें अवघड काम हेडफोनचा पडदा करतो, आणि आवाजाच्या गुणांत जो फरक कानास जाणवतो त्याचा बहुतेक भाग येथेंच उत्पन्न होतो. म्हणून तीनांपैकीं निदान दोन हजार हेडफोनवर खर्चावे. मोबाईलला गोल भोंक असलें तर बाकीचें कांहीं घेण्याचें कारणच नाहीं. तें नसलें तर सी प्रकारच्या तोंडाची लहानशी जोडतार लागते. ती घेतांना तिच्या पोटांत अंकांचें ध्वनींत रूपांतर करणारें यंत्र आहे ना, हें विचारून घ्यावें. कारण तें नसलेल्या जोडतारा कांहीं ठराविक मोबाईलवरच चालतात. उरलेल्या पैशांत कानांतल्या रबरी टोप्यांचा जादा जोड आणि एक डबी घ्यावी.

ध्वनिवर्धक प्रथम कां नको, याचा हिशेब कागदावर मांडतां येतो. हेडफोनच्या खोक्यावर दोन आंकडे असतात. एक ओहममध्यें दिलेला विद्युत्-अवरोध, आणि दुसरा संवेदनशीलता, म्हणजे ठराविक शक्ति दिली असतां किती मोठा आवाज निघतो तें माप. ३२ ओहमचा हेडफोन एक मिलिवॅट शक्तीस १०० डेसिबल आवाज देत असला, तर ती शक्ति पुरविण्यास ०·१८ व्होल्ट पुरतात. मोबाईलनें अर्धा व्होल्ट दिला तरी शक्ति सुमारें ८ मिलिवॅट होते आणि आवाज १०९ डेसिबलपर्यंत चढतो. इतका आवाज कानास सोसवणारही नाहीं. तोच हेडफोन ३०० ओहमचा असता, तर त्याच १०० डेसिबलसाठीं ०·५५ व्होल्ट लागले असते. सारांश, १६ ते ३२ ओहमचा आणि शंभराच्या आसपास संवेदनशीलता असलेला हेडफोन घेणाऱ्यास ध्वनिवर्धक विकत घेणें म्हणजे भरल्या विहिरीवर दुसरा पंप बसविण्यासारखें आहे. एक सावधगिरी मात्र हवी. कांहीं खोक्यांवर हा आंकडा मिलिवॅटऐवजीं व्होल्टमागें दिलेला असतो. १०० डेसिबल दर मिलिवॅट असलेला ३२ ओहमचा हेडफोन व्होल्टच्या मापानें ११५ होतो. म्हणून दोन खोक्यांची तुलना एकाच मापानें करावी.

पुढचा विचार घराचा. उघड्या पाठीचे हेडफोन मोकळे वाटतात खरे, पण त्यांतला आवाज बाहेर फांकतो आणि पंख्याची घरघर आंत येते. ज्या खोलीत मुलगी वाचीत बसली आहे तेथें ते व्यर्थ. तेथें बंद पाठीचे, किंवा कानाच्या भोंकांत बसणारे इअरफोन योग्य. उन्हाळ्यांत बंद गाद्यांखालीं कान घामेजतात. वऱ्हाडच्या उन्हांत ही अडचण लहान नव्हे, म्हणून तेथें इअरफोन अधिक सोयीचे. पण त्यांची टोपी कानांत घट्ट बसली पाहिजे. फट राहिली कीं तबल्याचा डग्गा नाहींसा होतो, आणि घेणारा यंत्रास दोष देतो. वास्तविक दोष टोपीच्या मापाचा असतो. बिनतारी हेडफोन सुटसुटीत असले तरी त्यांतील बॅटरी कालांतरानें क्षीण होते आणि ती बदलतां येणें कठीण. तारेचा हेडफोन बहुधा तारेपाशींच मोडतो. म्हणून जिची तार सुटी होते अशी जोडी घ्यावी. मग तुटली तर तेवढी तारच बदलावी लागते.

खरेदीस खामगांवास जातांना स्वतःच्या मोबाईलमध्यें परिचयाचीं तीनच ध्वनिमुद्रणें न्यावीं. एक गळ्याचें, एक तबल्याचें व एक नुसत्या बोलण्याचें. रोज ऐकलेल्या आवाजांतला खोटेपणा कानास तत्काळ कळतो. दोन जोड्यांची तुलना करतांना दोहोंचा आवाज सारखा मोठा ठेवावा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला असा भ्रम सर्वांस होतो. डावा उजवा नीट आहे कीं नाहीं हेंही तेथेंच पाहावें. घरांत ज्या वडीलधाऱ्यांस एकाच कानानें नीट ऐकूं येतें, त्यांच्यासाठीं मोबाईलच्या सुलभता विभागांत दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करण्याची सोय असते. तिला पैसा पडत नाहीं.

ऐकावयाच्या सामग्रीसही फार खर्च नको. सीडीच्या दर्जाचा ध्वनि मिनिटाला सुमारें दहा मेगाबाइट जागा घेतो; २५६ किलोबिटांचा दाबलेला ध्वनि दोन मेगाबाइटहून कमी घेतो, आणि ३२ गिगाबाइटच्या कार्डावर तो सुमारें पावणेतीनशे तास भरतो. अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या काळच्या तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटें चाले आणि तींत अतितार स्वर मुळांतच उतरलेले नसत. अशा ध्वनिमुद्रणासाठीं महागड्या प्रतींचा हव्यास धरण्यांत कांहीं अर्थ नाहीं. तबकडीची खरखर चांगल्या हेडफोनवर अधिकच स्पष्ट होते. पण तिच्याआड श्वास घेणारा गवयीही तितकाच स्पष्ट होतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिला एक पैही लागत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं आठवड्यास ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. आवाज ९० डेसिबल झाला कीं ती मर्यादा ४ तासांवर येते; कारण दर तीन डेसिबलांस सुरक्षित वेळ निम्मा होतो. आंतील कानाच्या केशपेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. हेडफोन काढल्यावर कानांत गुंई असा नाद राहिला, तर मर्यादा ओलांडली असें समजावें. शेजारच्या गडबडीवर मात करण्यासाठीं आवाज वाढवूं नये. टोपी नीट बसवावी, म्हणजे गडबड आपोआप बाहेर राहते.

असा विचार करून ज्यानें तीन हजार रुपये खर्चिले, त्यास पुन्हां पुन्हां नवी जोडी शोधीत हिंडावें लागत नाहीं. रात्र होते, मुलगी पान उलटते, आजोबा कुशीवर वळतात. आणि त्याच खोलीत कोणाचीही झोंप न मोडतां एक मैफल चाललेली असते. मुंबईच्या कारकुनास जें सुख १९२७ सालीं तीस मैलांच्या आंत होतें, तें आतां पिंपळगांवच्या घरींही आहे. जपावयाचे ते फक्त दोन कान.