जखम धुणार कोण?



सर्जनांच्या या संघटनेच्या अध्यक्षपदासाठी तुम्ही माझी निवड केलीत.  या खुर्चीत याआधी बसलेल्यांची योग्यता माझ्याहून मोठी होती, असं दरवर्षी म्हणायची पद्धत आहे. यंदा ते खरंही आहे. तर विषयाकडे वळते.

कार्यकारिणीने मला विषय नेमून दिला होता: चिघळलेल्या जखमा आणि भाजणं यांवर वरून लावायची जंतुनाशकं, एक आढावा. स्लाइड्सही तयार आहेत. पण एक गोष्ट कित्येक वर्षं मनात घोळते आहे, आणि इतका वेळ माईक माझ्या हातात पुन्हा कोणी देईल असं वाटत नाही. म्हणून आढावा थोडक्यात उरकते आणि मग त्या गोष्टीकडे येते.

१९६० च्या दशकापर्यंत मोठं भाजलेला रुग्ण पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या शॉकमधून वाचला, तरी पुढे स्यूडोमोनास हा जंतू त्याला घेऊन जायचा. १९६५ च्या सुमारास मॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धा टक्का सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्या सुरू केल्या. जंतू आटोक्यात आले. चादरी, फरशी, सिस्टरांचे हात मात्र काळे पडले आणि रुग्णाच्या अंगातलं सोडियम त्या पट्ट्यांत उतरू लागलं. त्याच सुमारास अमेरिकी लष्कराच्या ब्रूक केंद्रातून मॅफेनाइड आलं. ते मेलेल्या कातडीतून आत शिरायचं, पण लावताना आग व्हायची, आणि मोठ्या भागावर लावलं तर रक्त आम्लाकडे झुकायचं. मग १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फाडायझीन यांची सांगड घातली. सिल्व्हर सल्फाडायझीन, म्हणजे एसएसडी: एक टक्क्याचं पांढरं, थंडगार क्रीम. आग नाही, डाग नाहीत, कोणीही लावावं. या औषधाने असंख्य माणसं वाचवली आहेत आणि त्याच्याबद्दल कृतघ्नपणे बोलायचा माझा इरादा नाही.

माझी तक्रार ‘कोणीही लावावं’ याबद्दल आहे. जे लावायला सर्जन लागत नाही असं क्रीम हाती आलं, आणि सर्जन ड्रेसिंगच्या खोलीतून जो बाहेर पडला तो परत आलाच नाही. राऊंडला आपण कागद बघतो, ‘एसएसडी ड्रेसिंग रोज’ असं लिहितो आणि पुढच्या खाटेकडे जातो. पट्टी कोण सोडतं, कशी सोडतं, खाली काय दिसतं, हे विचारायची रीतच उरलेली नाही. थरावर थर चढत राहतात. चार दिवसांत क्रीम आणि स्राव यांचा पिवळट-करडा पापुद्रा जमतो, आणि जखम उथळ आहे की खोल हे मग नवशिक्यालाच काय, प्राध्यापकालाही सांगता येत नाही. उथळ भाजण्यात तर हे क्रीम जखम भरायला उशीरच करतं, असं आता आढाव्यामागून आढावे सांगतात. तरीही आपल्या तालुक्यांतून भाजलेला प्रत्येक माणूस पांढऱ्या लेपातच आपल्याकडे येतो.

मी नवीन काही सांगत नाही. पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग फ्रान्समध्ये बुलोनच्या लष्करी इस्पितळात होते. पेनिसिलिन अजून दहा वर्षं लांब होतं. त्यांनी काचेची नळी तापवून तिला आतून पोकळ असे काटे काढले, बॉम्बच्या तुकड्याने फाटलेल्या जखमेला जशा खाचाखोचा असतात तसे. नळीत जंतू मिसळलेला सीरम भरला, मग तो ओतून नळीत त्या काळची अँटिसेप्टिक भरली, तीही ओतली आणि ताजा सीरम घातला. दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा जंतूंनी भरलेली. औषध काट्यांच्या टोकांपर्यंत पोचलंच नव्हतं. खऱ्या जखमेत तर ते रुग्णाच्या पांढऱ्या पेशींना जंतूंच्याही आधी मारतं, हेही त्यांनी दाखवलं. शंभर वर्षं झाली. त्या खाचांत जे दडतं त्याला आपण आज बायोफिल्म म्हणतो, स्लफ म्हणतो, आणि वरून नवीन ट्यूब पिळतो. ओल मुरलेल्या भिंतीला चुना लावण्यासारखंच हे काम.

काल इथे ‘मध की चांदी’ असा परिसंवाद झाला. दोन्ही बाजू छान बोलल्या. सोलापूरच्या सुब्रह्मण्यम यांचा १९९१ चा ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’तला अभ्यास दोघांनीही सांगितला: १०४ रुग्ण, सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त, चांदीच्या गटातल्या ७ टक्के. सोलापुरातलं काम जगभर वाचलं गेलं याचा मला अभिमान आहे. आकडे मात्र मला नेहमीच जरा जास्तच गोड वाटत आले. मध काम करतो, यात शंका नाही. तो पाणी ओढून घेतो, आम्लधर्मी असतो, पातळ झाला की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. २०१५ चा कॉक्रेन आढावाही मधाच्या बाजूने बोलतो. फक्त तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला हवा. बाजारातली बाटली जखमेवर उपडी करू नका.

पण वाद मिटवायचाच असेल तर माझ्याकडे गुऱ्हाळातल्या एका पोराची गोष्ट आहे. काहिलीजवळ खेळताना उकळता रस त्याच्या हातावर आणि मांडीवर आला. गुळाचा रस पाण्यासारखा वाहून जात नाही, चिकटतो आणि भाजत राहतो. आमच्याकडे आला तेव्हा अंगावर आधी टूथपेस्ट, तिच्यावर शाई आणि सगळ्यांवर वाटेतल्या दवाखान्याचं क्रीम. वीस मिनिटं नळाखाली हात धरला असता तर निम्मं काम घरीच झालं असतं. केटामाइनची भूल देऊन सलाईनने सगळं धुतलं, सुटलेली कातडी काढली, आणि मग कुठे कळलं की हात उथळ आहे आणि मांडी खोल. हाताला काय लावलं हे मला आज आठवत नाही. कपाटात जे होतं ते लावलं असेल. हात भरला. मांडीवर ग्राफ्ट टाकला, तोही धरला. वडील पुढच्या हंगामात गुळाची ढेप घेऊन आले. मध की चांदी, हे त्यांनी विचारलं नाही.

दुसरा वाद पोव्हिडोन आयोडीनचा. ते फायब्रोब्लास्ट, म्हणजे जखम भरून काढणाऱ्या पेशी, मारतं, म्हणून उघड्या जखमेवर लावूच नये असं तरुण मंडळी म्हणतात. प्रयोगशाळेतल्या बशीत मारतं, खरं आहे. पण ज्या पायातून पू वाहतो आहे तिथे फायब्रोब्लास्टची काळजी करायला अजून अवकाश असतो. एक मधुमेही शेतकरी मुलाला घेऊन आला. मुलाने पिशवी उलटी केली तर टेबलावर ट्यूबांची रांग लागली: फ्रामायसेटिन, म्युपिरोसिन, निओमायसिन, आणखी काय काय. ‘मॅडम, यातलं भारी कोणतं?’ मी जखमेत प्रोब घातला. तो थेट हाडाला लागला. त्या पायाला सुरी हवी होती, साखर आटोक्यात हवी होती आणि पायावरचा भार कमी करायला हवा होता. ट्यूबांनी त्याचे दोन महिने घेतले. म्युपिरोसिन फार उपयोगी औषध आहे. ते असं घरोघरी उधळल्यामुळे त्याला दाद न देणारे स्टॅफ जंतू आपणच पोसतो आहोत.

आणि कृपा करून प्रत्येक जखमेचा स्वॅब पाठवू नका. उघड्या जखमेत काही ना काही वाढणारच. रिपोर्टवर जंतूचं नाव आलं म्हणजे इन्फेक्शन झालं असं नाही.

मला जखम बघायला शिकवलं ते आमच्या ड्रेसरमामांनी. वाळलेला गॉज ते कधी ओढायचे नाहीत. कोमट सलाईनने भिजवायचे, रुग्णाशी पावसापाण्याच्या गप्पा मारायचे आणि गॉज कडेने, कातडीला समांतर उचलायचे. हिरवट झाक दिसायच्या आधी वासावरून स्यूडोमोनास ओळखायचे आणि आम्हाला न विचारता एक टक्का ॲसेटिक ॲसिडची बाटली काढून ठेवायचे. लातूरच्या मायक्रोबायॉलॉजीच्या मंडळींनी पुढे या स्वस्त औषधावर व्यवस्थित काम केलं. मामा ते पेपर न वाचताच वापरत होते. ते निवृत्त झाले, पद रिकामं राहिलं. आता ते काम ज्याच्या हाताला वेळ असेल तो करतो. नव्या ड्रेसिंगच्या खोक्यांनी कपाट भरलंय आणि पट्टी सोडताना रुग्ण ओरडतो तो वॉर्डाच्या टोकापर्यंत ऐकू येतो. याच दुखण्यासाठी मुंबईच्या वाडिया रुग्णालयातल्या केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरल्या, शीवच्या माधुरी गोरे यांनी केळीचं पान. त्यावर हसणाऱ्यांना मी इतकंच सांगते की ही आच्छादनं जखमेला चिकटत नाहीत, आणि ती शोधणाऱ्यांच्या डोक्यात आधी रुग्णाचं दुखणं होतं.

खोल भाजण्याचं उत्तर तर कोणत्याच ट्यूबमध्ये नाही. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारिबोरसारख्या लहान शहरात झोरा यानझेकोविच यांनी ते दाखवलं आणि १९७० मध्ये छापलं: मेलेली कातडी आपोआप गळायची वाट बघू नका, पहिल्या काही दिवसांतच पातळ थरांनी ती तासा आणि लगेच ग्राफ्ट टाका. साधनं आपल्या जिल्हा रुग्णालयात असतात त्याहून फार वेगळी नव्हती. आपल्याकडे शीवला २००० सालापासून त्वचापेढी आहे. तरी कित्येक ठिकाणी अजून तीन-तीन आठवडे क्रीम लावत एस्कार, म्हणजे ती मेलेली कातडी, गळायची वाट बघितली जाते. रक्त मिळत नाही, भूल देणारे मिळत नाहीत, ओटी मिळत नाही. सगळ्या अडचणी मला माहीत आहेत, मी त्यांतूनच आले. पण अडचण आहे असं म्हणणं वेगळं आणि क्रीम चालू आहे म्हणजे उपचार चालू आहेत असं समजणं वेगळं.

संघटनेने काय करावं? ड्रेसिंगवर एक छोटी पुस्तिका मराठीत काढावी, ड्रेसरची पदं भरण्यासाठी सरकारकडे निवेदन द्यावं, निवासी डॉक्टरांसाठी एखादी कार्यशाळा ठेवावी. समिती नेमू, तपशील कार्यकारिणीत ठरेल. आणखीही काही सुचलं होतं, पण सचिव घड्याळ दाखवताहेत.

जेवणानंतर चांदीच्या नव्या नॅनो-ड्रेसिंगवर सत्र आहे. जरूर जा, चांगले वक्ते आहेत. फक्त पहिली स्लाइड आली की हात वर करून त्यांना विचारा: ड्रेसिंग लावायच्या आधी ही जखम कोणी धुतली? आणि सोमवारी आपापल्या वॉर्डात गेलात की एक तरी पट्टी स्वतःच्या हाताने सोडा.