शाळेत असता कॉलेजचे श्रेय
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण-समितीने आम्हांस ‘ए. पी.’ परीक्षेविषयी चार शब्द बोलावयास सांगितले. घरी आम्ही हा विषय काढला तेव्हा अब्बा म्हणाले, “आंध्र तो अलग हो गया ना मियाँ, अब उसका इम्तिहान यहाँ कायकू?” त्यांचा दोष नाही. 2014 सालापर्यंत ही दोन अक्षरे ह्या शहरातील प्रत्येक मोटारीच्या पाटीवर होती. आज बोलावयाचे आहे ते ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ ह्या अमेरिकेतील परीक्षेविषयी. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा एखादा विषय शिकावा, मे महिन्यात त्याची परीक्षा द्यावी, आणि 1 ते 5 ह्या मापात चांगला आकडा मिळाल्यास पुढे कॉलेजने तो विषय झाला असे मानावे, अशी ही योजना आहे. ह्या मानण्यालाच क्रेडिट किंवा श्रेयांक म्हणतात.

ही योजना निघाली तिचे कारण आम्हां मास्तर लोकांना सहज पटण्यासारखे आहे. 1951-52 च्या सुमारास तिकडील तीन नामांकित शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे एकत्र बसली. त्यांना असे आढळले की, हुशार मूल शाळेत शिकलेलेच कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुन्हा शिकते आणि कंटाळते. त्यातून ही परीक्षा निघाली आणि 1955 साली कॉलेज बोर्डाने ती आपल्या हाती घेतली.

पण हा प्रश्न आपल्याला परका नाही. मुदलियार आयोगाने 1952-53 मध्ये सुचविले की, जुने दोन वर्षांचे इंटर मोडावे, त्यातले एक वर्ष शाळेला जोडावे आणि एक पदवीला. सर्वच शाळांना ते वर्ष जोडून घेणे जमेना. म्हणून साध्या हायस्कुलातून येणाऱ्या मुलांसाठी कॉलेजात एक वर्षाचा पी. यू. सी. वर्ग काढला गेला. हायर सेकंडरीचे मूल मात्र थेट तीन वर्षांच्या पदवीला बसे. आमच्याच घरात हे दोन्ही प्रकार होऊन गेले. अब्बांनी पी. यू. सी. केले. धाकटे चाचा मल्टिपर्पज शाळेतून निघाले ते सरळ बी. एस्सी.ला. “वो एक साल किधर छुपाए मियाँ?” असे अब्बा त्यांना आजही विचारतात, आणि चाचा म्हणतात, “स्कूल में!” कॉलेजचे वर्ष शाळेत कमावणे म्हणजे काय, हे आम्ही प्रथम ह्या भांडणातून शिकलो. पुढे आंध्र प्रदेशात 1969 पासून दोन वर्षांचे इंटर पुन्हा आले आणि हा फरक मिटला.

आता आपल्या इंटरकडे पाहू. एम. पी. सी. घेतलेले मूल पहिल्या वर्षीच्या ‘बी’ पेपरात सीमा आणि विकलन शिकते, दुसऱ्या वर्षीच्या ‘बी’ पेपरात संकलन आणि विकल समीकरणे. अमेरिकेतील पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसचा पुष्कळसा भाग हाच. म्हणजे आपल्या मुलांपैकी अनेकांच्या पदरात माल आधीच असतो, शिक्का तेवढा नसतो. मात्र सर्वच माल असतो असेही नाही. ‘कॅल्क्युलस बी. सी.’ ह्या वरच्या परीक्षेत अनंत श्रेणींचा मोठा भाग असतो, तो आपल्या इंटरला नाही. शिवाय त्या परीक्षेत 45 प्रश्न पर्याय निवडण्याचे, आणि 6 प्रश्न पायरी-पायरीने लिहून दाखविण्याचे, व दोन्हींना गुण निम्मे-निम्मे. आपली मुले प्रवेश-परीक्षेसाठी मिनिटात एक ठोका मारावयास शिकलेली. उत्तर बरोबर येते, पण ‘का’ हे लिहावयास सांगितले की पेन थांबते. आमच्या वर्गातील चांगल्या चांगल्या मुलांचे हे आम्ही पाहिले आहे.

आता एक हिशेब द्यावयाचा आहे, आणि तो ह्याच सभेत देणे योग्य, कारण त्यात ट्रस्टचा पैसा गेला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याला अमेरिकेत पदवीसाठी जावयाचे होते. वडील शिंपीकाम करणारे. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “दोन विषयांची परीक्षा दे, तेवढी फी वाचेल.” एका विषयाची फी आपल्या ट्रस्टने भरली, दुसऱ्याची आईच्या बांगड्या गहाण ठेवून भरली गेली. मुलाने 5 आणि 4 मिळविले. पेढे वाटले. तिकडे गेल्यावर त्याचे पत्र आले की, कॉलेजने त्याला वरच्या वर्गात बसू दिले, पण श्रेयांक एकही दिला नाही. पदवीला लागणारी संख्या जेवढी होती तेवढीच राहिली, फीही तेवढीच. त्या कॉलेजने कोणाला फसविले नव्हते. त्यांचा नियम छापलेला होता. तो आम्ही वाचला नव्हता. वरच्या वर्गात बसविणे ही एक गोष्ट आणि श्रेयांक देणे ही दुसरी, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. मुलगा शिकला, आज उत्तम नोकरीत आहे, बांगड्याही सुटल्या. तरी त्या आईने “मास्तरसाब, आपने तो बोला था ना” एवढेच म्हटले, ते आम्ही विसरलो नाही.

तेव्हापासून आम्ही नियम वाचू लागलो. प्रत्येक कॉलेजचा निराळा. ओहायो आणि इलिनॉय ह्या राज्यांत कायदाच असा आहे की, तेथील सार्वजनिक विद्यापीठांनी 3 आकड्यालाही श्रेयांक दिला पाहिजे. उलट डार्टमथसारख्या जुन्या कॉलेजने 2014 साली दाखल झालेल्या तुकडीपासून पदवीसाठी असे श्रेयांक देणेच बंद केले. बऱ्याच ठिकाणी 4 किंवा 5 लागतो, आणि तोही विषयागणिक वेगळा. इतिहासाचा श्रेयांक इंजिनिअरिंगच्या मुलाला मिळाला तरी त्याच्या कोणत्या खात्यावर जमा होणार, हेही पाहावे लागते.

दुसरी गोष्ट फीची. तिकडील पदवीला साधारण 120 श्रेयांक लागतात, म्हणजे सहामाहीला सुमारे 15. विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्या पदवीच्या मुलाला प्रत्येक सहामाहीस निदान 12 श्रेयांकांचे काम घ्यावेच लागते. आणि कित्येक कॉलेजे 12 घ्या की 16 घ्या, सहामाहीची फी एकच आकारतात. म्हणून एका विषयाचे 3-4 श्रेयांक मिळून खिशात दमडी राहत नाही. वाचते ते संपूर्ण सहामाही वाचली तरच, आणि त्यासाठी विषय चार-पाच लागतात, तेही त्या पदवीत बसणारे. हे गणित आम्ही त्या शिंपीबंधूंना मांडून दाखविले असते तर!

ते मांडून दाखविले ते एका मुलीने. तिने आधी कॉलेज ठरविले. मग त्यांच्या कचेरीला इ-मेल लिहून विचारले, ‘मी अमुक शाखेत येणार, अमुक विषयात 4 मिळाले तर माझा कोणता वर्ग माफ होईल?’ उत्तर लेखी आले, ते तिने छापून वहीत चिकटविले. चार विषय दिले, एकात आकडा कमी आला, तीन लागू झाले. पुढे एका उन्हाळ्यात जादा वर्ग करून तिने अखेरची सहामाही वाचविली. घरभाडे, जेवण, फी, सर्व. ही युक्ती तिला आम्ही दिलेली नव्हती, तिच्या बहिणीची होती. आम्ही फक्त अनंत श्रेणी शिकविल्या, रविवारी सकाळी, शाळेच्या रिकाम्या वर्गात.

अलीकडे ‘तीन महिन्यांत ए. पी.’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत, म्हणून एक गोष्ट सांगतो. लॉस एंजलिसच्या गरीब वस्तीतील गारफील्ड शाळेत हाइमे एस्कालांते नावाचे बोलिव्हियातून आलेले शिक्षक होते. 1982 साली त्यांचे 18 विद्यार्थी कॅल्क्युलसच्या ह्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्यांना विश्वास बसेना. 14 जणांवर संशय घेतला. त्यांतील 12 जणांनी परीक्षा पुन्हा दिली आणि बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले. ह्यावर चित्रपट निघाला. पण चित्रपट पाहणाऱ्याला वाटते की एका वर्षात चमत्कार झाला. एस्कालांते त्या शाळेत 1974 पासून होते आणि खालच्या वर्गांपासून बीजगणित पक्के करवून घेत होते.

ज्यांना परदेशी जावयाचेच नाही, आणि आपल्यात तेच जास्त, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्या मुलाला ई-सेट परीक्षेतून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. इंटर दोन आणि इंजिनिअरिंग चार, सहा वर्षे. डिप्लोमा तीन आणि पुढे तीन, तीही सहाच. वर्ष वाचत नाही हे खरे. पण मध्येच घरची अडचण आली तर हातात डिप्लोमा असतो, इंटरवाल्याच्या हातात काही नसते. ह्या मार्गाला कमी लेखणारे पालक आम्हांस दरवर्षी भेटतात, आणि दरवर्षी आम्ही त्यांच्याशी वाद घालतो. 2023 सालच्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत शाळेच्या शिक्षणालाही श्रेयांक मोजले आहेत, वर्षाला 1200 तास आणि 40 श्रेयांक. पण मोजणे निराळे, आणि कॉलेजने वर्ग माफ करणे निराळे. चौकटीवर भरवसा ठेवून आजच पैसे खर्च करू नयेत.

समितीपुढे आमची सूचना लेखी दिली आहे. परीक्षेच्या फीसाठी जो अर्ज येईल त्यासोबत कॉलेजचे लेखी उत्तर जोडलेले असावे. ते नसेल तर अर्ज परत न करता आमच्याकडे पाठवावा, उत्तर कसे मागवावयाचे ते आम्ही मुलाजवळ बसून दाखवू. परीक्षा मेमध्ये असली तरी नाव आदल्या हिवाळ्यातच नोंदवावे लागते, तेव्हा दसऱ्याच्या सुटीपूर्वी भेटावे. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही शाळेतच असतो. येताना गुणपत्रिका नको, कॉलेजचे नाव आणा.